एक पर्याय, अनेक मूल्यें : आज्ञेची ओळ कोठें तोडावी?

लिहिलेल्या मजकुरांत एक शब्द कोठें संपला व दुसरा कोठें सुरू झाला, हें वाचणाऱ्यास नीट कळलें पाहिजे; न कळल्यास अर्थाचा अनर्थ होण्यास वेळ लागत नाहीं. आपल्या जुन्या मोडी दफ्तरांत आधीं ओळभर शिरोरेघ ओढून तिच्याखालीं अक्षरें सलग लिहीत. शब्दाशब्दांमध्यें मोकळी जागा सोडण्याची चाल नव्हती. वाचणारा कारकून सरावानें मनांतल्या मनांत शब्द तोडून घेई. पुढें एकोणिसाव्या शतकांत छापखान्यांचा प्रसार झाला आणि स्वल्पविराम, अर्धविराम इत्यादि विरामचिन्हें मराठींत रूढ झालीं. त्याचें श्रेय मेजर थॉमस कँडी यांस दिलें जातें. वाचणारा मनुष्य असेल तर एखादें चिन्ह चुकलें तरी तो संदर्भावरून सांवरून घेतो. परंतु वाचणारें यंत्र असेल तर? त्यास संदर्भ कळत नाहीं. जेथें तोडावयास सांगितलें असेल तेथें तें निमूटपणें तोडतें, मग अर्थ राहो वा जावो.

संगणकास आज्ञा देतांना हा प्रश्न पावलोपावलीं येतो. या लेखांत आम्ही त्याच्या एकाच अंगाचा विचार करणार आहों : एकाच पर्यायास अनेक मूल्यें द्यावयाचीं असतां तीं कशीं लिहावींत, आणि प्रोग्राम रचणाऱ्यानें तीं निरनिराळीं कशीं करावींत. विषय लहान दिसतो. परंतु लाखाचे शेंकडे होणें किंवा नको तीं दप्तरें पुसलीं जाणें, असे प्रकार यांतूनच घडतात, हें पुढें दिसून येईल.

आज्ञेची ओळ

पडद्यावरील चित्रांस बोट लावून काम करण्याची रीत लहानथोरांच्या परिचयाची आहे. तिच्याहून जुनी, पण आजही अभ्यासकांच्या नित्य उपयोगाची दुसरी रीत म्हणजे आज्ञा अक्षरांनीं टंकून देणें. अशा आज्ञेच्या ओळीस कमांड-लाइन म्हणतात. अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्यांत मरे हिल येथील बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्सन व डेनिस रिची यांनीं १९६९ मध्यें युनिक्स प्रणालीच्या कामास आरंभ केला. आजचें लिनक्स तिच्याच वळणावर चालतें. या प्रणालींत मनुष्य व प्रोग्राम यांच्यामध्यें शेल नांवाचा एक दुभाषी असतो. तो आपली ओळ वाचतो, तिचे तुकडे पाडतो आणि ते प्रोग्रामच्या स्वाधीन करतो.

उदाहरणादाखल शाळेचे निकाल छापणारा 'निकाल' नांवाचा एक प्रोग्राम आपण कल्पूं. त्यास पुढीलप्रमाणें आज्ञा दिली :

निकाल --वर्ग=दहावी --विषय=मराठी

शेल ही ओळ मोकळ्या जागांपाशीं तोडतो आणि तीन तुकडे प्रोग्रामच्या हातीं देतो. पहिला तुकडा प्रोग्रामचें स्वतःचें नांव. पुढचे दोन म्हणजे त्यास सांगितलेल्या गोष्टी. या तुकड्यांस आर्ग्युमेंट म्हणतात. सी भाषेंत 'मेन' या फंक्शनास तुकड्यांची संख्या व तुकड्यांची यादी अशा दोन वस्तु मिळतात, त्या याच. दोन संयोगचिन्हांनीं आरंभ होणारा जो तुकडा, तो पर्याय. आणि बरोबरीच्या चिन्हापुढें लिहिलेलें तें त्या पर्यायाचें मूल्य.

एखाद्या मूल्यांत मोकळी जागा हवीच असेल, तर तें अवतरणचिन्हांत लिहावें. अवतरणचिन्ह दिसलें कीं शेल आंतील मोकळ्या जागेपाशीं तोडीत नाहीं. मात्र एक गोष्ट विद्यार्थ्यांनीं येथेंच मनांत पक्की करावी : काम झाल्यावर शेल तीं अवतरणचिन्हें काढून टाकतो. प्रोग्रामला तीं कधींच दिसत नाहींत. या एका गोष्टीचा विसर पडल्यानें पुष्कळांचा घोटाळा होतो.

तीन रीति

आतां मराठी, गणित व इतिहास या तिन्ही विषयांचे निकाल हवे आहेत असें समजूं. तें सांगण्याच्या तीन रीति प्रचारांत आहेत.

पहिली, पर्याय पुनःपुन्हां लिहिणें :

निकाल --विषय=मराठी --विषय=गणित --विषय=इतिहास

दुसरी, पर्याय एकदांच लिहून पुढें मूल्यें मोकळी जागा सोडून मांडणें :

निकाल --विषय मराठी गणित इतिहास

तिसरी, सर्व मूल्यें स्वल्पविरामानें जोडून एकाच तुकड्यांत देणें :

निकाल --विषय=मराठी,गणित,इतिहास

पहिली रीत लांबलचक, पण निर्धोक आहे. कारण प्रत्येक मूल्य स्वतंत्र तुकड्यांत येतें आणि त्यास पुन्हां तोडावें लागत नाहीं. तिच्यांत धोका एवढाच कीं, प्रोग्राम रचणाऱ्यानें पर्याय एकदांच येईल असें धरलें असेल, तर बहुधा शेवटचें मूल्य राहतें आणि आधींचीं मुकाट्यानें गळून जातात.

दुसरी रीत दिसावयास सोपी, पण तिच्यांत यादी कोठें संपली हें कळत नाहीं. त्याच ओळींत पुढें फाइलीचें नांव लिहिलें, तर प्रोग्राम त्यासही एक विषयच समजतो. पायथन भाषेंतील 'आर्गपार्स' या साधनांत "एक किंवा अधिक मूल्यें" असा पर्याय ठेवल्यास हाच अनुभव येतो : पर्याय पुढचें सर्व गिळून बसतो, आणि मग फाइलीचें नांव मिळालें नाहीं अशी तक्रार ऐकूं येते. मध्यें नुसतीं दोन संयोगचिन्हें लिहून "पर्याय येथें संपले" अशी खूण करतां येते. परंतु ती लिहिण्याची आठवण किती जणांस राहणार?

तिसरी रीत आटोपशीर आहे. युनिक्स प्रणालीच्या 'पॉझिक्स' नांवाच्या प्रमाणांत आज्ञांच्या लेखनाचे जे नियम दिले आहेत, त्यांतील ८ वा नियम असें सांगतो कीं, एका पर्यायास अनेक मूल्यें द्यावयाचीं असल्यास तीं एकाच आर्ग्युमेंटांत, स्वल्पविरामानें किंवा मोकळ्या जागेनें वेगळीं करून द्यावींत. ओळींतील रकाने निवडणारी 'कट' ही आज्ञा रकान्यांचे क्रमांक असेच स्वल्पविरामानें घेते, आणि 'माउंट' ही आज्ञा आपल्या सूचनाही अशाच जोडून घेते.

दोन कात्र्या

तिसऱ्या रीतींत आज्ञेच्या ओळीवर दोनदां कात्री चालते. पहिली कात्री शेलची. ती मोकळ्या जागेपाशीं चालते. दुसरी प्रोग्रामची, ती स्वल्पविरामापाशीं चालते. कोणतें चिन्ह कोणाच्या कात्रीचें, हें ज्यास नेमकें ठाऊक आहे त्याचें काम बिघडत नाहीं.

मूल्यें जोडण्यासाठीं जें चिन्ह निवडावयाचें, त्यास आपण विभाजक म्हणूं. तें पहिल्या कात्रीखालीं सांपडणारें नसावें. अर्धविराम निवडला तर काय होईल तें पाहा. शेलच्या दृष्टीनें अर्धविराम म्हणजे आज्ञेचा शेवट. तेव्हां 'मराठी' पुढें अर्धविराम देऊन 'गणित' लिहिलें, तर 'मराठी' पाशीं एक आज्ञा संपते, आणि 'गणित' नांवाची दुसरी आज्ञा चालविण्याचा शेल प्रयत्न करतो. उभ्या रेघेचें व 'अँड' या अर्थाच्या चिन्हाचेंही असेंच आहे. शेलनें त्यांस स्वतःचे अर्थ दिलेले आहेत. स्वल्पविरामास युनिक्सच्या शेलमध्यें सामान्यतः असा विशेष अर्थ नाहीं. म्हणूनच तो सोयीचा ठरला.

फाइलींच्या वाटा जोडावयाच्या असतां युनिक्समध्यें अपूर्णविराम वापरतात. 'पाथ' या चलांतील यादी तशीच असते. विंडोज प्रणालींत मात्र डिस्कच्या नांवापुढेंच अपूर्णविराम येतो. म्हणून तेथें त्याच यादीस अर्धविराम लावावा लागला. यावरून धडा हा कीं, जें चिन्ह मूल्याच्या पोटांत येण्याचा संभव आहे, तें विभाजक म्हणून निवडूं नये. तसेंच विंडोजच्या बॅच फाइलींस दिलेलीं मूल्यें स्वल्पविरामापाशींही तुटतात. तेथें सबंध यादी अवतरणचिन्हांत ठेवावी.

नवशिक्यांची नेहमींची चूक म्हणजे स्वल्पविरामानंतर मोकळी जागा सोडणें. वहींत आपण तसें लिहितों, आणि तें योग्यच आहे. परंतु आज्ञेंत 'मराठी, गणित' असें लिहिल्यास पहिली कात्री मध्येंच चालते. पर्यायाच्या वाट्यास 'मराठी' व त्यापुढील स्वल्पविराम एवढेंच येतें, म्हणजे यादींत एक विषय व एक रिकामा तुकडा. आणि 'गणित' हा शब्द बाहेर सुटून पडतो व प्रोग्राम त्यास फाइलीचें नांव समजतो. सबंध यादी अवतरणचिन्हांत असेल तर ती एकत्र राहते, पण दुसऱ्या मूल्याच्या आरंभीं मोकळी जागा चिकटते. म्हणून प्रोग्रामनें तोडल्यावर प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांची मोकळी जागा छाटून टाकावी.

मूल्यांतच स्वल्पविराम आला तर?

आपल्या देशांत एक लाख हा आंकडा १,००,००० असा लिहितात. आतां देणग्यांची बेरीज करणारा एक प्रोग्राम कल्पूं, आणि त्यास एक लाख व पांचशें अशा दोन रकमा देऊं :

बेरीज --रक्कम=१,००,०००,५००

प्रोग्राम स्वल्पविरामापाशीं तोडतो, आणि त्यास दोन नव्हे, चार तुकडे मिळतात : १, ००, ००० व ५००. चारही तुकडे निर्दोष संख्या असल्यानें कोठेंही तक्रार होत नाहीं. बेरीज येते ५०१. हवी होती १,००,५००. जी चूक आरडाओरडा करते ती सांपडते. जी मुकाट्यानें बसते ती हिशेबाच्या वहींत शिरते. रक्कम अवतरणचिन्हांत लिहिली तरी उपयोग नाहीं. कारण तीं चिन्हें शेलनें काढून टाकल्यावर प्रोग्रामच्या हातीं तीच ओळ पडते. आडनांव आधीं लिहून पुढें स्वल्पविराम देण्याची जी रीत आहे, तिनें लिहिलेल्या नांवांचीही हीच गत होते.

यावर उपाय चार आहेत. पहिला, विभाजक बदलण्याची मुभा वापरणाऱ्यास देणें. दुसरा, मूल्यांतील स्वल्पविरामामागें बॅकस्लॅश लिहून "हा तोडण्याचा नव्हे" अशी खूण करणें. 'हेल्म' या साधनाचा 'सेट' पर्याय हीच रीत पाळतो. तिसरा, स्वल्पविरामांच्या फाइलींचा परिचित नियम लावणें, म्हणजे ज्या मूल्यांत स्वल्पविराम आहे त्यास प्रोग्रामला दिसतील अशीं दुहेरी अवतरणचिन्हें लावणें. त्यासाठीं सबंध मूल्य शेलपासून वांचविण्यास बाहेरून एकेरी अवतरणचिन्हें लावावीं लागतात. चौथा व सर्वांत सरळ उपाय म्हणजे पहिल्या रीतीकडे परतून पर्याय पुनःपुन्हां लिहिणें व तोडणें अजिबात टाळणें.

मोठमोठ्या साधनांनींही हाच विचार केलेला दिसतो. जीसीसी या संकलकास लिंकरकडे सूचना पाठविण्याचे दोन पर्याय आहेत : एक स्वल्पविरामापाशीं तोडून अनेक सूचना पाठवितो, दुसरा, 'एक्सलिंकर' नांवाचा, दिलेली सूचना जशीच्या तशी पोहोंचवितो. गो भाषेंतील 'पीफ्लॅग' या संग्रहांतही याद्यांचे दोन प्रकार आहेत : 'स्ट्रिंगस्लाइस' स्वल्पविरामापाशीं तोडतो, 'स्ट्रिंगअ‍ॅरे' तोडीत नाहीं. मूल्यें कशा प्रकारचीं येणार हें आधीं ठरवून मग यांतून निवड करावी.

तोडण्याची कृति

बॅकस्लॅशची रीत पाळावयाची असेल, तर नुसतें स्वल्पविरामापाशीं तोडून भागत नाहीं. अक्षरामागून अक्षर वाचावें लागतें. कृति अशी : एक रिकामी यादी व एक रिकामा 'चालू तुकडा' घ्यावा. डावीकडून उजवीकडे एकेक अक्षर वाचावें. बॅकस्लॅश आल्यास त्याच्या पुढील अक्षर, तें कोणतेंही असो, चालू तुकड्यांत जसेंच्या तसें घालावें. स्वल्पविराम आल्यास चालू तुकडा यादींत टाकून नवा रिकामा तुकडा घ्यावा. दुसरें कांहींही आल्यास तें चालू तुकड्यास जोडावें. ओळ संपली कीं शेवटचा तुकडा यादींत टाकावा. ओळीच्या अगदीं शेवटीं एकटाच बॅकस्लॅश राहिला, तर ती चूक समजून तसें सांगावें.

आतां मघांची आज्ञा अशी लिहूं :

बेरीज --रक्कम='१\,००\,०००,५००'

एकेरी अवतरणचिन्हें अवश्य हवींत, नाहींतर बॅकस्लॅश शेलच खाऊन टाकील. वरील कृति चालवून पाहतां पहिले दोन स्वल्पविराम तुकड्यांतच राहतात, तिसऱ्यापाशीं तुकडा पुरा होतो, आणि यादींत १,००,००० व ५०० अशीं दोनच मूल्यें येतात. संख्या म्हणून वाचण्यापूर्वीं प्रत्येक तुकड्यांतील स्वल्पविराम काढून टाकला कीं बेरीज बरोबर येते.

येथें एक शंका साहजिक आहे. मराठी अक्षरांच्या मधोमध चुकून कात्री चालणार नाहीं ना? नाहीं. आज सर्वत्र वापरांत असलेली यूटीएफ-८ ही लेखनपद्धति केन टॉम्सन व रॉब पाइक यांनीं १९९२ मध्यें रचली. तिच्यांत देवनागरीच्या प्रत्येक वर्णचिन्हास तीन बाइट लागतात, आणि त्यांतील प्रत्येकाची किंमत १२७ हून अधिक असते. स्वल्पविरामाची किंमत ४४. तेव्हां मराठी वर्णाच्या पोटांत ४४ किंमतीचा बाइट कधींच येत नाहीं, आणि स्वल्पविरामापाशीं तोडल्यास एकही अक्षर भंगत नाहीं.

रिकाम्या यादीचा प्रश्न

प्रोग्राम रचणाऱ्यानें आणखी एका गोष्टीचा निर्णय आधींच केला पाहिजे. लागोपाठ दोन स्वल्पविराम आले, किंवा शेवटीं स्वल्पविराम राहिला, तर मधला अथवा शेवटचा तुकडा रिकामा होतो. निरनिराळ्या भाषांतील तयार साधनें येथें निरनिराळीं वागतात : जावामधील 'स्प्लिट' शेवटचे रिकामे तुकडे गाळून टाकतें, पायथनमधील ठेवतें. पायथनमध्यें तर पूर्ण रिकामी ओळ स्वल्पविरामापाशीं तोडली असतां रिकामी यादी मिळत नाहीं. एक रिकामा तुकडा असलेली यादी मिळते. हें ज्यास ठाऊक नाहीं तो 'शून्य मूल्यें' मोजावयास जातो आणि एक मोजतो.

आतां असा एक प्रोग्राम घ्या कीं, जो दिलेल्या वर्गांचीं जुनीं दप्तरें पुसतो, आणि पर्याय न दिल्यास सर्वच वर्गांचीं पुसतो. वर्गांचीं नांवें दुसऱ्या फाइलींतून आणावयाचीं होतीं. ती फाइल कांहीं कारणानें रिकामी निघाली. आज्ञेंत 'वर्ग' या पर्यायापुढें कांहींच आलें नाहीं. प्रोग्राम "यादी रिकामी, म्हणजे अट नाहीं" असें समजला, तर सगळ्या शाळेचीं दप्तरें गेलीं. "पर्याय दिलाच नाहीं" आणि "पर्याय दिला, पण रिकामा दिला" या दोन अगदीं भिन्न गोष्टी आहेत. दुसरींत प्रोग्रामनें थांबून विचारावें. स्वतःच्या कल्पनेनें पुढें जाऊं नये.

यादीचा अर्थ काय धरावयाचा, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा. लिनक्समध्यें 'यूजरमॉड' ही आज्ञा मोठ्या 'जी' या पर्यायास गटांची नांवें स्वल्पविरामानें जोडून घेते. ही यादी मनुष्याच्या जुन्या गटांत भर घालीत नाहीं. ती त्या जुन्या गटांची जागा घेते. यादींत नसलेल्या इतर दुय्यम गटांतून त्यास काढून टाकलें जातें. भर घालावयाची असेल तर लहान 'ए' हा पर्यायही जोडीला द्यावा लागतो. तो विसरल्यास, व्यवस्थापकाचे अधिकार ज्या गटामुळें मिळाले होते त्याच गटांतून मनुष्य बाहेर पडूं शकतो. म्हणून "ही यादी भर घालते कीं जागा घेते" हें साहाय्याच्या मजकुरांत पहिल्याच वाक्यांत लिहावें.

सारांश

वरील सर्व विवेचनाचें सार असें. आधीं शेल तोडतो, मग प्रोग्राम. दोघांचीं चिन्हें वेगळीं ठेवावींत. मूल्यांत येऊं शकणारें चिन्ह विभाजक करूं नये. करणें भागच असेल तर त्यास वांचविण्याची रीत ठरवून ती लिहून ठेवावी. तोडल्यावर टोकें छाटावींत, रिकाम्या तुकड्यांविषयीं निर्णय करावा, आणि कामास हात घालण्यापूर्वीं सर्व तुकडे तपासावेत. अर्धें काम झाल्यावर तिसरें मूल्य चुकीचें निघाल्यास तें निस्तरणें कठीण जातें. चूक सांगतांना "यादी चुकली" असें मोघम न सांगतां "तिसरें मूल्य 'गणीत' ओळखतां आलें नाहीं" असें नेमकें सांगावें. दुसऱ्याच्या वस्तूवर कात्री चालवितांना शिंपी जितका जपतो, तितकेंच दुसऱ्यानें दिलेल्या शब्दांवर ती चालवितांना आपण जपावें. पालकमंडळींपैकीं ज्यांचा हिशेबाशीं संबंध येतो, त्यांस हें निराळें सांगण्याची गरज नाहीं.

सरावासाठीं

विद्यार्थ्यांनीं पुढील प्रश्न संगणकाशिवाय, कागदावर सोडवावेत आणि मग ताडून पाहावेत.

१. वर दिलेली कृति 'क,,ख,' या ओळीस लावा. किती तुकडे पडतात? त्यांपैकीं किती रिकामे?

२. 'जोशी\, सदाशिव,पवार\, गंगाधर' या ओळींतून किती नांवें मिळतात? बॅकस्लॅश काढून टाकल्यास किती?

३. प्रत्येक मूल्य म्हणजे एकेक पूर्ण पत्ता असेल, तर वरील तीन रीतींपैकीं कोणती निवडाल? कारण लिहा.